तिसऱ्या गिअरातला तुळजापूर घाट

बावीस वर्षं मी कॅम मोजतेय. सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, फार तर शेंगाचटणी. मोटारीच्या धंद्यातल्या माणसाला कॅमशाफ्ट आठवतो, म्हणजे इंजिनाच्या झडपा, व्हॉल्व्ह, उघडणारा फिरता दांडा. १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथं सुरू झाली आणि हळूहळू या गावात कॅमचं काम जाणणारी माणसं तयार होत गेली. गिरणगावाची पुढची पिढी म्हणा हवं तर. माझे आजोबा गिरणीत होते, वडील एसटीत, मी एमआयडीसीत.

ग्राइंडिंग होऊन आलेला शाफ्ट मी दोन सेंटरमध्ये धरते, फिरवते आणि प्रत्येक लोबची, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्याची, उंची अंशाअंशानं ड्रॉइंगशी ताडून बघते. चूक मायक्रॉनमध्ये असते, डोळ्याला कधीच दिसत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टननं फिरणारी क्रँक दोनदा फिरली की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. इंजिन सहा हजार आरपीएमला पळत असेल तर कॅम तीन हजारानं फिरतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडून मिटतो. तो केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या अंडाकृती लोबवर कोरलेलं असतं. गाडी खालून ओढणार की वर गेल्यावर सुटणार, हे बऱ्याच अंशी तिथंच ठरतं. म्हणून कुणी ‘या इंजिनाचा स्वभावच निराळा’ असं म्हणालं, की मला तो स्वभाव हातात धरल्यासारखा वाटतो.

आणि मागच्या दसऱ्याला मी जी गाडी घेतली, तिच्यात कॅम नाही.

व्हॉल्व्ह नाही, क्लच नाही, गिअर बदलणं नाही. एक मोटर, एकच रिडक्शन गिअर आणि मजल्याखाली तीस युनिटची बॅटरी. घरच्या हिशोबात ती बसली म्हणून घेतली. रोजचं हॉटगी रोड ते कारखाना, शनिवारी बाजार, महिन्यातून एकदा तुळजापूर, एवढंच आमचं फिरणं. पण मला गाडी चालवायला आवडते, अगदी मनापासून, हे आमच्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मग ग्राइंडिंगवरच्या एका पोरानं विचारलं, “ताई, कंटाळा नाही येत का? आवाज नाही, गिअर नाही. मजा कशात?”

हा पोरगा आरएक्स हंड्रेड बाइकवाला. स्वतःच्या जन्माआधीची गाडी त्यानं जिवापाड सांभाळलीय. मी त्याला म्हटलं, “तुझ्या आरएक्समध्ये तरी कुठं कॅम आहे?” तो गप्प झाला. टू स्ट्रोक इंजिन ते. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टन स्वतःच झाकतो आणि उघडतो, आत घ्यायच्या बाजूला एक रीड व्हॉल्व्ह, संपलं. कॅमशाफ्टचा पत्ताच नाही. तरी ९८ सीसीच्या त्या गाडीसाठी माणसं आजही वेडी होतात. मी ते त्याला हरवायला म्हटलं नव्हतं. त्याचा प्रश्न मलाच पडलेला होता, आणि उत्तर ज्या कॅममध्ये मी आजवर शोधत होते तिथं ते नाही, हे बोलताबोलता मला कळलं. मग ते आहे कुठं, हा विचार डोक्यात राहिला.

त्यासाठी आधी अण्णांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील सोलापूर डेपोत ड्रायव्हर होते. बार्शी, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, सगळ्या लाइनी केल्या. त्या काळच्या एसटीत गिअर नुसता ओढला की पडत नसे. डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रलला आणायचं, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका हिसका द्यायचा, इंजिनाचा आवाज हवा तेवढा चढला की पुन्हा क्लच आणि खालचा गिअर. आवाज ओळखायला चुकलं तर गिअर खर्रकन ओरडणार आणि मागच्या पन्नास माणसांना ते ऐकू जाणार. शाळेला सुट्टी लागली की मी अण्णांच्या मागच्या सीटवर बसून जायची. बाकीची मुलं खिडकी मागत, मी गिअरची दांडी दिसेल अशी जागा मागायची. तामलवाडी मागं पडली, घाट सुरू झाला, की अण्णा बोलायचे बंद होत. आवाज खाली यायला लागायचा, आणि तो मरायच्या अगदी आधी त्यांचा पाय आणि हात एकदम हलायचे. गाडीत कुणाला धक्का कळायचा नाही. त्या न कळण्यात त्यांचं सगळं कसब होतं.

“ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं,” हे वाक्य मी अ आ इ ई च्याही आधी ऐकलं असेन. आणि दुसरं, “घाटात न्यूट्रल म्हणजे पाप.” काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकत. अण्णा त्यांच्याशी बोलतसुद्धा नसत. इंजिनानं धरलेली गाडी ताब्यात असते, नुसत्या ब्रेकवर उतरवलेल्या गाडीचे ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

आमच्या घरात पहिली गाडी आली ती २००३ मध्ये, माझ्या पगारावर. जुनी मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. ती मी घाटात शिकले, अण्णा शेजारी बसून. गाडी बंद पाडली, मागं घरंगळवली, चुकीच्या गिअरात अडकवली, सगळं केलं. एका वळणावर चारदा बंद पडली तेव्हा मागचा ट्रकवाला खाली उतरून बघायला आला होता. अण्णा एवढंच म्हणाले, “पाय ऐकंना झालाय. कान लाव, पाय आपोआप येतंय.” आणि एक दिवस ते आलं. दुसरा गिअर, अर्धा ॲक्सिलरेटर, वळणाच्या पोटात गाडी अशी बसली की हातावर काही ओझंच राहिलं नाही. तो दिवस मला आजही रस्त्याच्या वळणासकट आठवतो.

आवाज त्यात होता, नाही कशाला म्हणू? पण आवाज माझ्यासाठी निरोप घेऊन यायचा. गाडी काय म्हणतेय ते सांगायचा. मला आनंद झाला तो तो निरोप कळल्याचा आणि त्याला हातापायानं बरोबर उत्तर देता आल्याचा. आणि ते उत्तर चुकण्याची पुरेपूर शक्यता होती म्हणून तो आनंद होता. जी गाडी चुकूच देत नाही, तिच्यात बरोबर चालवण्याला काय अर्थ?

इलेक्ट्रिक गाडीबद्दल माझी पहिली तीन महिने हीच तक्रार होती. सिग्नलला पाय ठेवला की सुटते, मोटरला शून्यापासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असतो. सात रस्ता चौकात पहिल्यांदा असं सुटल्यावर मजा वाटली, दहाव्यांदा नाही. त्यात माझं काय होतं? पुणे हायवेला तर टेंभुर्णीपर्यंत जाऊन आले आणि वाटेतलं काहीच आठवेना, इतका तो प्रवास सपाट झाला. दुपारच्या उन्हात एसी लावल्यावर रेंजचा आकडा खाली येताना बघणं हे एक काम होतं, पण ते हिशोबाचं काम, चालवण्याचं नव्हे.

खरं तर त्याच्या आधीच मला एक खूण मिळाली होती, तेव्हा ती नीट वाचता आली नाही. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला फॉर्म्युला ई ची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची, रेस झाली, हुसेनसागरच्या काठानं, चालत्या रस्त्यांवर. आमच्याच हायवेला ६५ नंबरानं सरळ तीनशे किलोमीटर. भाचा मागं लागला म्हणून गेलो. मला वाटलं होतं, आवाजाशिवाय काय रेस बघायची? तर तिथं टायर ऐकू आले. वळणात शिरताना टायर रस्त्यावर कसे घासतात, कुठल्या गाडीचे आधी किंचाळतात, कुठली गुमान वळते, हे सगळं स्पष्ट. इंजिनाच्या गाड्यांत हे खाली दबून जातं. त्या गाड्यांना मागच्या चाकांना नेहमीसारखे हायड्रॉलिक ब्रेक नव्हते, मागचं ब्रेकिंग मोटरच करायची आणि वेगाची वीज करून बॅटरीत परत भरायची. जिंकला ज्याँ एरिक व्हर्न. मागं लागलेल्या निक कॅसिडीपेक्षा त्याच्याकडं ऊर्जा कमी उरली होती, तरी त्यानं शेवटपर्यंत जागा दिली नाही. कुठं पाय उचलायचा, किती आधी उचलायचा, यावर ती रेस गेली. पाय उचलण्यात कसब असतं हे मी डोळ्यांनी बघून आले आणि घरी येऊन विसरले.

आठवण करून दिली ती घाटानं, या जानेवारीत.

आत्याकडं तुळजापूरला मुक्काम होता. रात्री पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली, सकाळी शंभर टक्के. देवीचं दर्शन घेऊन निघालो. अण्णा शेजारी. वय एकोणऐंशी, पण शेजारच्या सीटवर बसले की डावा पाय अजून क्लच शोधतो. घाट सुरू झाला. आमच्या गाडीत पाय उचलला की मोटर उलट काम करायला लागते, जनित्र होते, आणि गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते. मी ते नेहमी सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवते. सवय अशी झाली होती की ब्रेकच्या पेडलला पाय क्वचितच जायचा. पहिल्या मोठ्या वळणाआधी मी पाय उचलला.

गाडी थांबेना. मंदावेनासुद्धा. उतारावर सोडल्यासारखी मोकळी पळायला लागली, आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. पाय ब्रेकवर गेला, गाडी आवरली, काही झालं नाही. पण पाय हलायला जो अर्धा सेकंद गेला, तो मला पोटात जाणवला.

अण्णांनी डॅशबोर्डला धरलेला हात सोडला नव्हता. “न्यूट्रलला काढलीस काय गाडी?”

आयुष्यात त्यांनी मला यापेक्षा वाईट काही विचारलं नसेल. मी रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. स्क्रीनवर बारीक अक्षरात सूचना होती, रिजन उपलब्ध नाही. रिजन म्हणजे मोटरनं वीज करत गाडी धरणं. बॅटरी काठोकाठ भरलेली. उतारावर तयार होणारी वीज ठेवायला आत जागाच नव्हती, म्हणून गाडीनं मोटरचं धरणं बंद केलं. काही गाड्या अशा वेळी आपणहून ब्रेक लावून तेवढीच ओढ देतात, आमची देत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी, जी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मायक्रॉनमध्ये पकडते, मी ते पान वाचलं नव्हतं.

मी अण्णांना समजावून सांगितलं. ते नीट ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे टाकी फुल्ल असली की इंजिन धरत नाही.”

“हो.”

“मग उतरायच्या हिशोबानं भरायची. वर शिगोशिग भरून कशाला निघायलीस?”

इतक्या थोडक्यात हे मला कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी कागदावर हिशोब केला. दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली तर सगळी मिळून जेमतेम ०.४ युनिट ऊर्जा सुटते, आणि त्यातलीही सगळी परत मिळत नाही. तीस युनिटच्या बॅटरीत ही फार तर दीड टक्का. म्हणजे जागा तशी थोडीच लागते. पण बॅटरी भरत आली की ती वीज घ्यायला कुरकुरते, धरण्याचा जोर शंभरच्या बऱ्याच आधीपासून कमी होत जातो. म्हणून आता तुळजापुरात मी ८८ वर चार्जिंग थांबवते.

त्या दिवसानंतर मी गाडी पुन्हा शिकायला बसले, आणि इथं मला माझं उत्तर सापडलं. या गाडीत एकाच पेडलमध्ये दोन गाड्या आहेत. वरच्या भागात ती धरते, खालच्या भागात ओढते, आणि मधे कुठंतरी एक केसाएवढी जागा आहे जिथं ती धरतही नाही आणि ओढतही नाही. ती जागा वेगाबरोबर सरकते. वळणात शिरताना पाय पूर्ण उचलला तर नाक खाली जातं आणि मागं बसलेल्याची मान हलते. उशिरा उचलला तर ब्रेकवर जावं लागतं, म्हणजे घाट हरलो. वळण बघायचं, अंदाज घ्यायचा, पाय थोडाथोडा वर आणत न्यायचा, वळणाच्या पोटात त्या मधल्या जागेवर आणून ठेवायचा, आणि रस्ता उघडला की पुन्हा हलकेच खाली. निरोप आता इंजिनाकडून येत नाही, तो टायरमधून येतो, सीटमधून येतो, थोडा मोटरच्या बारीक शिट्टीतून येतो. चुकता येतं. भरपूर चुकता येतं. पहिल्या पाच फेऱ्यांत एकदाही मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता खाली आले नाही.

जून २०२२ मध्ये एसटीची इलेक्ट्रिक बस ‘शिवाई’ सुरू झाली तेव्हा अण्णांनी ती बातमी कापून ठेवली होती. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे नगर मार्गावर धावली होती, त्याच तारखेला, त्याच मार्गावर. “क्लच नाही त्या ड्रायव्हरला,” ते म्हणाले होते, आणि मला तेव्हा त्यात दया ऐकू आली होती. आता वाटतं, ते खरंच कुतूहल होतं.

कंपन्या काय करतायत तेही मी वाचते. ह्युंदाईनं २०२३ मध्ये आयोनिक ५ एन आणली, तिच्यात खोटे आठ गिअर आहेत. स्टीअरिंगमागचं पॅडल ओढलं की सॉफ्टवेअर झटका देतं, स्पीकरमधून इंजिन वाजतं. मी चालवलेली नाही. ऐकून प्रथम मला राग आला होता, कॅम मोजणाऱ्या बाईला खोट्या इंजिनाचा राग येणारच. मग वाचलं की गिअर वेळेवर बदलला नाही तर ती गाडी खोट्या रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या शेवटच्या मर्यादेला, जाऊन अडकते आणि ओढ तुटते. म्हणजे ती चुकू देते. ज्यानं हे बनवलं त्याला काहीतरी कळलंय, असं मला आता वाटतं. तरी मला खोटा गिअर नको. मला त्या मधल्या जागेची मापं हवीत, पेडल जरा जड हवं, रिजन कमीजास्त करायला स्टीअरिंगमागं पॅडल हवं.

आणि गाडी हलकी हवी. माझी खरी भीती ही आहे, मोटरची नाही. माझी ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती, ही दुपटीहून जास्त. वळणात ते वजन लपत नाही, बॅटरी खाली असल्यानं गाडी कलत नाही एवढंच. त्यात स्टीअरिंग असं हलकं केलेलं की रस्ता हाताला लागतच नाही. एसीचा वारा कमी करायला स्क्रीनमध्ये बघावं लागतं, म्हणजे ज्या क्षणी डोळा रस्त्यावर हवा तेव्हाच तो काचेवर. लेन सोडली की गाडी स्वतः स्टीअरिंग ओढते त्या गाड्यांत तर मला पाहुणी असल्यासारखं वाटतं. यातलं काहीही विजेमुळं आलेलं नाही. पेट्रोलच्या नव्या गाड्यांतही हेच आहे. चालवणाऱ्याचा आनंद गेलाच तर तो इथून जाईल, आणि तेव्हा आपण उगाच बॅटरीला दोष देत बसू.

आमच्या कामाचं काय, हे शॉपमध्ये रोज बोललं जातं. पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड, सगळ्यांना कॅम लागतो, त्यामुळं उद्या काही मशिन बंद पडत नाही. पण परवा त्याच आरएक्सवाल्या पोराला मी शिकवत होते, बेस सर्कल, म्हणजे लोबचा न उचलणारा गोल भाग, कसा बघायचा ते, आणि मनात आलं की याची मुलगी हे काम करणार नाही. ते वाईट वाटणं मी इथं लिहून ठेवते, ते खोडायचं नाहीये मला.

गेल्या रविवारी पुन्हा तुळजापूर. ८७ टक्क्यांवर निघालो. पोराला शब्द दिला होता म्हणून तो मागच्या सीटवर, अण्णा पुढं. घाट लागल्यावर मी बोलायची बंद झाले. पहिलं वळण, पाय वर, गाडीनं धरलं. दुसऱ्याला जरा लवकर उचलला, लगेच थोडं सोडून दिलं, कुणाला कळलं नसावं. पुढं दोन एसट्या होत्या, त्यांच्या मागं तेवढंच अंतर राखून, ना जवळ ना लांब. खिडक्या उघड्या होत्या. पुढच्या एसटीचं इंजिन घाटाला धरून घुमत होतं आणि आमच्या खाली फक्त टायर. पायथ्याचं शेवटचं वळण आलं, गेलं, आणि ब्रेकचं पेडल वरून खालपर्यंत मी शिवलं नव्हतं.

मागून पोरगा काही बोलला नाही. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा डावा पाय निवांत होता.

“तिसऱ्यात उतरवलीस,” ते म्हणाले, आणि काच वर केली.